वर्धेच्या पुरातला सेंद्रिय कर्ब समुद्राच्या गाळात ओळखायचा कसा?

वर्धाकाठ

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या बाजूला, वर्धेपासून जवळच असलेल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडची जमीन भारी, काळी. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब बहुधा ०.५ टक्क्याच्या खाली, म्हणजे ‘कमी’ याच रकान्यात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये नदी चढली की पाण्याला थेट वावरातल्या मातीचा रंग येतो, आणि शेतकऱ्यांच्या घरून आलेले विद्यार्थी दरवर्षी विचारतात की, शेणखत टाकून जो कर्ब आम्ही जमिनीत मुरवतो तो या पाण्याबरोबर जातो तरी कुठे.

नकाशावरचे उत्तर सोपे आहे. वर्धा आणि वैनगंगा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढे त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात, सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागरात जाते. मला त्यापुढचे विचारायचे आहे. समुद्रकिनाऱ्याजवळच्या गाळात जो सेंद्रिय कर्ब सापडतो, त्यातला किती नदीने आणलेला आणि किती समुद्रातल्याच शेवाळाचा, हे वेगळे करता येते का? आणि नदीने आणलेल्यातला आमच्यासारख्या काळ्या जमिनीचा वाटा ओळखता येतो का?

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी मी असा आराखडा केला आहे: शेतातली माती आणि पुरानंतर काठावर बसलेला गाळ घ्यायचा, आमच्याच प्रयोगशाळेत वॉकली-ब्लॅक पद्धतीने सेंद्रिय कर्ब काढायचा, निवडक नमुने बाहेर पाठवून कर्ब-नत्र गुणोत्तर आणि कार्बन-१३ चे (कर्बाच्या जड समस्थानिकाचे) प्रमाण मोजून घ्यायचे, आणि ते आकडे गोदावरीच्या मुखाजवळच्या गाळाच्या प्रसिद्ध आकड्यांशी ताडून पाहायचे. पाठ्यपुस्तकात हे दोन निकष जमीन व समुद्र वेगळे करण्यासाठी दिलेले असतात. आमच्या खोऱ्यासाठी ते पुरेसे आहेत का, हे जाणकारांनी सांगावे.

काळीमाती

समुद्रापर्यंत जाण्याआधी चंचुपात्रात काय मोजले जाते ते पाहू, कारण पुढचा सगळा डोलारा त्याच आकड्यावर उभा राहणार आहे.

वॉकली-ब्लॅक पद्धतीत डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल मिसळताना जी उष्णता निर्माण होते तिच्यावरच ऑक्सिडीकरण होते. ते पूर्ण होत नाही. सरासरी ७७ टक्के होते असे धरून आपण उत्तराला साधारण १.३ ने गुणतो. हा गुणक शेतातल्या मातीसाठी ठरवलेला आहे, दगडी कोळशासाठी नाही. आपण वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात आहात. वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर या भागांत उघड्या खाणी, मातीचे ढिगारे आणि कोळशाची वाहतूक आहे, आणि पावसाबरोबर त्यातली भुकटी नाल्यांत उतरते. डायक्रोमेट या कोळशाचा काही भाग खाते आणि काही सोडते. बाहेर पाठवलेला नमुना मात्र यंत्रात पूर्ण जाळला जातो आणि त्यात कोळसा संपूर्ण मोजला जातो. त्यामुळे एकाच गाळाचे दोन पद्धतींचे आकडे जुळले नाहीत तर विद्यार्थ्यांना लगेच दोष देऊ नका; ती तफावत हीच माहिती आहे. खाणीच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा गाळ दोन्ही पद्धतींनी मोजला, तर कोळसा कुठून मिसळू लागतो याचा अंदाज येऊ शकतो.

याला फारसा खर्च नसलेली एक जोड द्या. गाळ धुऊन घड्याळ-काचेवर वाळवा आणि भिंगाखाली पाहा. दगडी कोळशाचे कण कोनदार कडांचे आणि चमक असलेले दिसतात. जळलेल्या पऱ्हाटीच्या कोळशीत लाकडाच्या नळ्यांची उभी जाळी शाबूत असते, आणि सुईने दाबले की तिचा चुरा होऊन काजळी सुटते. आपल्याकडे उन्हाळ्यात पऱ्हाट्या आणि गव्हाचे काड किती जळते हे आपण जाणताच. ती कोळशीही नदीत जाते, सहजासहजी कुजत नाही आणि हिशोबात ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणूनच मोजली जाते.

दुसरी बाब चुनखडीची. काळ्या जमिनीतल्या चुनखडीच्या खड्यांत जो कर्ब असतो तो असेंद्रिय असतो. डायक्रोमेटला त्याचे काही वाटत नाही, पण जाळून मोजणाऱ्या यंत्रात तो थेट बेरजेत जातो आणि कार्बन-१३ चा आकडाही बिघडवतो. बाहेर पाठवण्याआधी नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा. फार तीव्र आम्ल वापरले आणि वारंवार धुतले तर विरघळणारा सेंद्रिय भागही वाहून जातो, तेव्हा प्रयोगशाळा कोणती पद्धत मागते ते आधी विचारून घ्यावे.

उलट दिशेची अडचण समुद्राच्या गाळात येते. तिथल्या मिठातले क्लोराईड स्वतःच डायक्रोमेट खर्च करते आणि सेंद्रिय कर्ब खोटा वाढलेला दिसतो. म्हणून वॉकली-ब्लॅकचे शेतातले आकडे आणि खाडीतले आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी, खाडीच्या गाळातले मीठ धुतले होते का किंवा सिल्व्हर सल्फेट वापरले होते का, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

शेवटचे म्हणजे, नदीतला गाळ हा आपल्या वावराचा सरळ नमुना नसतो. पाणी बारीक कण आधी उचलते आणि सेंद्रिय कर्ब बहुतांशी त्याच बारीक कणांना चिकटलेला असतो. त्यामुळे वाहून गेलेली माती मागे उरलेल्या मातीपेक्षा कर्बाने समृद्ध असते. पण नाल्यांचे काठ ढासळतात तेव्हा खालच्या थरातली, कमी कर्बाची आणि कैक जुनी माती त्यात मिसळते. वावराच्या वरच्या थराबरोबरच काठाच्या उभ्या कडेचा खोल नमुना घेतला नाही, तर गाळातला कमी कर्ब ‘वाटेत कुजला’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

गौतमीमुख

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला; कामानिमित्त आंध्रच्या किनाऱ्यावर गाळाचे नमुने हाताळतो. मूळ प्रश्नाचे उत्तर थोडे निराश करणारे आहे: आपण निवडलेले दोन्ही निकष जगात बऱ्याच ठिकाणी चालतात, पण नेमके काळ्या जमिनीच्या खोऱ्यात दगा देतात.

कार्बन-१३ चे घ्या. कापूस, तूर, सोयाबीन, धान, गहू, सागवान या सी-३ वनस्पती, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात आधी तीन कर्ब-अणूंचा रेणू बनवणाऱ्या. त्यांचे मूल्य प्रमाणकाच्या मानाने दर हजारी उणे २७ च्या आसपास असते. ज्वारी, मका, ऊस आणि आपल्याकडची हरळी, कुसळी, मारवेल ही बहुतेक गवते सी-४, म्हणजे आधी चार कर्ब-अणूंचा रेणू बनवणारी. त्यांचे मूल्य उणे १३ च्या आसपास. उष्ण समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचे मूल्य उणे २० ते उणे २१ असते. आता बेरीज करून पाहा: ज्या जमिनीत निम्मा कर्ब ज्वारी-गवताचा आणि निम्मा पऱ्हाटी-तुरीचा आहे, तिचे मूल्य बरोबर उणे २० येते. समुद्राचा एक कणही न मिसळता ती माती समुद्राची वाटते. ज्या खोऱ्यात सगळे जंगलच आहे तिथे उणे २७ म्हणजे जमीन आणि उणे २० म्हणजे समुद्र असे म्हणता येते. गोदावरीच्या मुखासमोर असे म्हटले की जमिनीचा वाटा कमी धरला जातो.

कर्ब-नत्र गुणोत्तराचेही तसेच. ताज्या लाकडा-पानांत ते २० च्या वर असते आणि शेवाळात अणूंच्या हिशोबात १०६ ला १६, म्हणजे ६.६. पुस्तकात हेच दोन टोकांचे आकडे असतात. पण नदी ताजी पाने फारशी आणत नाही, ती माती आणते, आणि जिवाणूंनी पचवलेल्या मातीचे गुणोत्तर १० ते १२ वर आलेले असते. चिकणमातीच्या थरांत अडकलेला अमोनियम मोजणीत आला की ते आणखी खाली येते. समुद्राच्या गाळातही ७ ते १० हा आकडा नेहमीचा आहे. मधल्या फटीत काही सिद्ध करायला जागा उरत नाही. (जाता जाता: कुठला आकडा वजनाचा आणि कुठला अणूंचा हे तपासा. वजनाच्या गुणोत्तराला १.१७ ने गुणले की अणूंचे मिळते. प्रसिद्ध तक्त्यांत हे दोन्ही सरमिसळ झालेले मी पाहिले आहेत.)

मग काय चालते? एकेका रेणूचा माग. लिग्निन फक्त जमिनीवरच्या वाहिनीयुक्त वनस्पतींत असते, शेवाळात नसते. कॉपर ऑक्साइडबरोबर अल्कधर्मी द्रावणात तापवून ते फोडले की निघणाऱ्या फिनॉलांच्या प्रमाणावरून लाकूड जास्त की काड-गवत जास्त, हेही कळते. दुसरा माग पानांवरच्या मेणाचा. त्यातले २७ ते ३३ कर्ब-अणूंचे, विषम संख्येचे लांब हायड्रोकार्बन रेणू शेवाळ सहसा बनवत नाही, आणि त्या एकेका रेणूचे कार्बन-१३ स्वतंत्र मोजता येते. म्हणजे समुद्राची भेसळ बाजूला सारून सी-३ की सी-४ हा प्रश्न निव्वळ जमिनीपुरता विचारता येतो. गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यात हेच केले गेले, आणि सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरड्या हवेला सरावलेल्या वनस्पतींचा वाटा हळूहळू वाढत गेल्याचे त्या मेणावरून दिसले.

आपल्या खोऱ्याची खूण खनिजातही आहे. बेसाल्टपासून बनलेली काळी माती स्मेक्टाइट या फुगणाऱ्या चिकण-खनिजाने भरलेली असते. पूर्वेकडचे ग्रॅनाइट-नाइसचे खडक वेगळी खनिजे देतात, आणि दोघांतल्या निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांतही स्पष्ट अंतर आहे. किनाऱ्यावरच्या गाळात काळ्या मातीचे कण आले आहेत हे यावरून ठामपणे सांगता येते. मात्र कण आला म्हणजे त्याच्यावरचा कर्बही आला असे नाही, आणि माझ्या मते हाच सगळ्यात रंजक भाग आहे. खाऱ्या पाण्यात पोचताच चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळा होतात आणि बसतात. लाटा आणि भरती-ओहोटी त्यांना पुन्हा पुन्हा उचलतात. प्रत्येक उचलीला प्राणवायू मिळतो आणि जिवाणू मातीवरचा जुना कर्ब खातात, तर शेवाळाचा नवा कर्ब त्याच कणावर येऊन चिकटतो. एस.टी.ची गाडी तीच राहावी आणि थांब्याथांब्यावर प्रवासी बदलत जावेत, तसे हे आहे. ॲमेझॉनच्या मुखाशी नदीच्या कणरूप कर्बाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग असा नाहीसा होतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ मात्र इतक्या वेगाने आणि इतका जाड बसतो की, बंगालच्या उपसागराच्या तळावर पंख्यासारख्या पसरलेल्या त्यांच्या गाळात जमिनीवरचा कर्ब फार मोठ्या प्रमाणात टिकतो.

सगळ्या जगाच्या नद्या मिळून वर्षाला सुमारे २० कोटी टन कणरूप सेंद्रिय कर्ब समुद्रात टाकतात आणि समुद्रतळाशी कायमचा गाडला जाणारा कर्ब वर्षाला सुमारे १६ कोटी टन आहे. त्यातला ८० टक्क्यांहून अधिक त्रिभुज प्रदेशांत आणि किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात. त्या १६ कोटींत समुद्राच्या स्वतःच्या कर्बाचाही मोठा वाटा आहे. म्हणजे नद्यांनी आणलेल्यातले बरेचसे कुठेतरी हवेत परत जाते, आणि ते कुठे हे शोधण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

वर्धाकाठ

दोघांचेही आभार. ज्वारीचा मुद्दा मला नवा होता. आमच्या भागात १९८० च्या दशकानंतर सोयाबीन पसरत गेले आणि ज्वारी मागे पडली. म्हणजे सी-४ चे पीक जाऊन सी-३ चे आले. मग हा बदलच खूण म्हणून वापरता येणार नाही का? दुसरे असे की, लिग्निन किंवा निओडिमियम आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. समुद्रापर्यंत न जाता, संगमाच्या अलीकडे-पलीकडे काही अर्थपूर्ण करता येईल का?

झाडीपट्टी

येईल, आणि माझ्या मते खरा प्रकल्प तोच आहे. चपराळ्याचा संगम ही निसर्गाने मांडून दिलेली तुलना आहे. पश्चिमेकडून येणारी वर्धा बरीचशी बेसाल्टावरून, कापूस-तूर-सोयाबीनच्या काळ्या जमिनीतून येते, पैनगंगेला पोटात घेते आणि वाटेत कोळसापट्टाही ओलांडते. वैनगंगा येते धानाच्या बांध्यांतून, साग-बांबूच्या जंगलांतून आणि ग्रॅनाइट-नाइसच्या प्रदेशातून. धान सी-३, जंगल सी-३, त्यामुळे वैनगंगेच्या गाळाचे कार्बन-१३ उणे २७ कडे झुकलेले असावे आणि वर्धेचे ज्वारी-गवताच्या जुन्या कर्बामुळे त्यापेक्षा जड (उणे १३ च्या दिशेने सरकलेले) असावे, अशी अपेक्षा बांधता येते. या टप्प्यावर समुद्राचा कर्ब मिसळण्याचा प्रश्नच नसल्याने, वर गौतमीमुख यांनी दाखवलेला गोंधळ इथे उद्भवत नाही. दोन्ही नद्यांचा संगमापूर्वीचा गाळ आणि प्राणहितेचा गाळ घेतला की दोन टोके आणि एक मिश्रण मिळते. मिश्रणाचे मूल्य दोन टोकांच्या मध्ये कुठे पडते यावरून वाटा निघतो. फक्त मूल्यांची सरळ सरासरी न काढता प्रत्येक गाळातल्या कर्बाच्या टक्केवारीने भारित हिशोब करावा, नाहीतर कमी कर्बाच्या रेतीलाही तेवढाच मान दिला जातो.

तुलना करताना ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेलाच भाग घ्या. वैनगंगेची रेती आणि वर्धेची चिकणमाती सरळ शेजारी ठेवली तर नद्यांमधला फरक दिसण्याऐवजी कणांच्या आकाराचा फरक दिसेल. पुराच्या पाण्यात उतरून नमुने घेऊ देऊ नका. पाणी ओसरल्यावर काठावर, झुडपांच्या बुंध्याशी जो ताजा गाळ बसतो, वाळताना ज्याच्या वरच्या थराला भेगा पडून कडा वर वळतात, तो पापुद्रा चाकूने उचलला की त्या पुराचा बारीक गाळ मिळतो. त्याखालची भरड रेती त्यात येऊ देऊ नये. पाण्याचाच नमुना हवा असेल तर पुलावरून बादली सोडावी, आणि शक्यतो पाणी चढत असताना, कारण गाळाचे प्रमाण बहुधा पूर शिखरावर पोचण्याआधीच सर्वाधिक असते. गाळणीसाठी काचतंतूची, ०.७ मायक्रॉनची, आधी ४५० अंशांवर भाजून घेतलेली चकती वापरतात. कागदी गाळणी स्वतःच सेंद्रिय कर्ब आहे.

वाटेतल्या अडवणुकीचाही विचार करावा. वैनगंगेच्या खोऱ्यातले माजी मालगुजारी तलाव, मोठे गोसीखुर्द धरण, वर्धेवर सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा, प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली मेडिगड्डाचा बंधारा आणि सर्वात शेवटी राजमहेंद्रीजवळचा धवळेश्वरमचा बंधारा, अशा प्रत्येक ठिकाणी गाळ थांबतो. आपल्या शेतातला कर्ब बंगालच्या उपसागरात जातो असे विद्यार्थ्यांना सांगताना, त्यातला बराचसा आधी एखाद्या तलावाच्या तळाशी जातो हेही सांगितले पाहिजे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तोच गाळ ट्रॅक्टरने पुन्हा वावरात येतो. त्या गाळाचा आणि वावराचा कर्ब मोजणे हा वॉकली-ब्लॅकच्या आवाक्यातला स्वतंत्र प्रकल्प होईल, आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याला समुद्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

खारपाणपट्टा

एक शंका. आम्ही अकोल्याकडचे, आमची काटेपूर्णा पूर्णेला आणि पूर्णा तापीला मिळते, म्हणजे आमची माती अरबी समुद्राच्या वाटेला लागते. जमीन तीच काळी असताना वर सांगितलेले सगळे आमच्या बाजूलाही लागू आहे का?

गौतमीमुख

खारपाणपट्टा यांना: मातीपुरते लागू आहे. बेसाल्ट, स्मेक्टाइट आणि सी-४ चा घोळ तोच. पण आपल्या बाजूला वणीसारखा कोळसापट्टा नाही, त्यामुळे कोळशातल्या प्राचीन कर्बाची भेसळ तशी नाही, ही सोय समजावी. उलट आपल्या जमिनीतल्या क्षारांचे क्लोराईड वॉकली-ब्लॅकला खाडीच्या गाळासारखाच त्रास देऊ शकते. काळीमाती यांचा तो मुद्दा आपल्यासाठी शेतापासूनच सुरू होतो. पुढे हतनूर आणि उकाई गाळ अडवतात, आणि खंबातच्या आखातातल्या प्रचंड भरती-ओहोटीत गाळ इतका घुसळला जातो की एका नदीचा वाटा वेगळा काढणे फार कठीण होते.

वर्धाकाठ यांच्या सोयाबीनच्या प्रश्नाबद्दल. कल्पना योग्य आहे, पण जमिनीतला कर्ब पिकाइतक्या लवकर बदलत नाही. वरच्या थरातला ताजा, भरड पालापाचोळा काही वर्षांत सोयाबीनचे मूल्य दाखवू लागतो. चिकणमातीला घट्ट चिकटलेला कर्ब शतकानुशतके जुना असू शकतो आणि तो ज्वारी-गवताचेच मूल्य धरून बसतो. वावरातल्या मातीचे भरड आणि बारीक भाग वेगवेगळे करून कार्बन-१३ मोजा. दोहोंत अंतर आढळले तर ज्वारी कधी सुटली हे माहीत असलेल्या शेतांची मालिका लावून हा बदल पाहता येईल. शेतकऱ्यांच्या आठवणी आणि सातबाऱ्यावरची पिकांची नोंद इथे थेट उपयोगी पडते.

कर्बाच्या वयासाठी कार्बन-१४ हा किरणोत्सारी, काळाबरोबर घटत जाणारा समस्थानिक मोजावा लागतो. दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी त्यासाठीचे त्वरक यंत्र आहे. महाविद्यालयाने विद्यापीठामार्फत विचारणा करावी. पण आपल्या ठिकाणी एक सापळा लक्षात ठेवावा. या कार्बनचे अर्धायुष्य ५७३० वर्षे आहे, आणि आपला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना असल्याने त्यात त्याचा मागमूस उरलेला नाही. समजा गाळात आजच्या मानाने ९० टक्के कार्बन-१४ सापडला. याचा अर्थ सगळा कर्ब सरासरी सुमारे ८७० वर्षे जुना आहे असा होईल, किंवा ९० टक्के कर्ब आजचा आणि १० टक्के दगडी कोळसा आहे असाही होईल, आणि केवळ या एका आकड्यावरून त्यातले खरे कोणते हे ठरत नाही. त्यातच १९५० व ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता, त्यामुळे त्या काळातला कर्ब आजच्याहूनही ‘तरुण’ दिसतो. कार्बन-१३ ने ही गाठ सुटत नाही, कारण आपला कोळसाही सी-३ वनस्पतींचाच आहे. म्हणून कार्बन-१४ साठी नमुना पाठवाल तेव्हा खाणींच्या वरच्या अंगाचाही एक जरूर पाठवा, आणि काळीमाती यांनी सांगितलेली भिंगाची पाहणी त्याच नमुन्यांवर आधी उरकून घ्या.

नमुने ॲल्युमिनियमच्या भाजलेल्या पन्नीत गुंडाळून, वाळवून किंवा गोठवून ठेवावेत. ओला गाळ प्लास्टिकच्या पिशवीत उन्हाळाभर राहिला तर पिशवीतच त्यातला बराचसा कर्ब कुजून जातो.

वर्धाकाठ

पन्नीचे आणि चाळणीचे लगेच करतो. संगमाच्या वरच्या अंगाला वैनगंगेच्या बाजूने नमुने घ्यायला आम्हाला गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाची साथ लागेल. झाडीपट्टी, आपल्या ओळखीत कोणी असल्यास निरोप द्यावा. पावसाळ्यापूर्वी दोन्हीकडे एकच चाळणी आणि एकच पद्धत ठरवून घेता येईल.

झाडीपट्टी

चामोर्शीकडे ओळखीचे शिक्षक आहेत, त्यांच्याशी बोलून व्यक्तिगत निरोप धाडतो. धानाच्या बांध्यातली माती रोवणीआधीच घेतलेली बरी. चिखलणी झाल्यावर वरचा-खालचा थर वेगळा राहत नाही.